तिसऱ्या हाकेला ओ

डाळज
मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऋषिराज,

वर दादा लिहिलेलं न्हाय. इसरले म्हनून न्हाय, मुद्दाम.

भाजीच्या टेम्पोवाल्या युवराजनं लॅपटॉप आनून दिला. मेथीच्या जुड्यांखाली कॅरेटमधी घालून आनला, चोरीचा माल आनल्यागत. आईनं बघितला आनी मेथी तेवढी निवडायला घेतली. तुला जाऊन सहा महिनं झालं. एक फोन न्हाय, एक निरोप न्हाय. आनी पाठवलंस काय, तर भुताचा गेम. वर चिठ्ठी, "वृषे, हा दोघांनीच खेळायचा हाय, एकट्याला येतच न्हाय. मंगळवारी मला कंपनीला सुट्टी आसती. बसशील का?"

लाज वाटती का जरा? हितं उसात बिबट्या फिरतोय. जोतीराम काकाची कालवड गोठ्यातनं नेली. पोरं शाळंला जाताना ताट वाजवत जात्यात. आनी तू बारामतीला जळोचीत पंख्याखाली बसून मला भुतं पाठवतोस. हितं काय कमी पडली व्हती?

मला तोंडानं जमत न्हाय हे तुला म्हाईत हाय. कागदावर जमतं. म्हनून हे वाच आनी मधी बोलू नको.

गेम लावला मी. तुला वाटत आसंल हिला काय कळतंय. आईच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, तुझा पासवर्ड टाकला, मागच्या खोलीच्या खिडकीवर गोधडी टाकली. भर दुपारी. पहिल्यांदा एक तोंड दाखवतोय काळ्या पडद्यावर, आनी म्हनतोय हे जेमतेम दिसंल इतकाच उजेड ठेवा. मी फुल केला. मला भ्यायची हौस न्हाय.

मंग माईक. काईतरी बोला म्हनतोय. मी बसले नुसती. खोलीत कोन न्हाय, ऐकनारं कोन न्हाय, तरी माझ्या तोंडातनं शब्द निघंना. पडद्यावरची आवाज मोजनारी पट्टी हालतच न्हवती. शेवटी हेडफोनची वायर खिडकीतनं भायेर काढली आनी माईक शेळीपुढं धरला. ती बोलली. पट्टी हिरवी झाली.

आनी मंग काय आलं म्हाईत हाय? "वेटिंग फॉर प्लेयर टू." गोल गोल फिरतंय नुसतं. तू न्हवतास. आज मंगळवार हाय, तूच लिहिलास मंगळवार, आनी तूच न्हाईस. ओव्हरटाईम आला म्हनं, युवराजनं नंतर सांगितलं.

मी किती वेळ त्या फिरत्या गोलाकडं बघत बसले. तुझं हे कायमचंच हाय. तू ठरवायचं, आनी मी वाट बघायची.

मे महिन्यातबी असंच केलंस. सर्जेरावांची मानसं साखरपुडा ठरवायला येनार, तात्यांनी त्यांच्या पोरीला शब्द दिलेला, आनी त्याच सकाळी तू खिडकीतनं चिठ्ठी टाकून पसार. "मी रेश्माशी लग्न करतोय. तात्यांना तू सांग. तू सांगितलंस तर ते चिडनार न्हाईत." मी! जी वर्गात हजेरीला 'हजर' म्हनायला घाबरायची ती. भरल्या बैठकीत हातात पोह्याच्या बश्या घेऊन मी उभी ऱ्हायले. सर्जेराव म्हनाले, "नवरदेव कुठंय? दाढी करतोय का अजून?" सगळी हसली. मी म्हनले, "तो न्हाय. त्यानं भवानीनगरच्या पोरीशी लगीन केलं." एवढंच. माझ्या हातातल्या बश्या वाजत व्हत्या, मला त्याच ऐकू येत व्हत्या.

आनी तात्या चिडले न्हाईत असं तुला वाटलं व्हतं ना? महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत. त्यांना वाटलं मला आधीपासनं म्हाईत व्हतं. तू सुटलास. मी घावले.

पुढच्या मंगळवारी बसनार हाय मी. तुझ्यासाठी न्हाय. गेम चालू करायला एवढी मरमर केली म्हनून.

वृषाली

*

डाळज
बुधवार, १२ नोव्हेंबर

ऋषिराज,

काल तू माझ्यावर वरडलास. सहा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आनी तो वरडन्याचा.

आधी एक सांग. सगळ्या जगातनं तुला शाळाच घावली व्हय? बर्फातली पडकी शाळा, लांबलचक व्हरांडं, उलटी पडलेली बाकडी. मला परत शाळंत घालायची तर अशी घालतात?

माझ्या हातात कंदील, तुझ्याकडं किल्ल्या. मधी भिंत. मला दिसतं ते तुला दिसत न्हाय. मी सांगायचं कुठल्या दाराला कुठली किल्ली, तू उघडायचं, तवा मी पुढं. न्हाय सांगितलं तर ते येतं, लांब हाताचं, भिंतीला धरून धरून. सगळा गेम बोलन्यावर हाय. तुला हे म्हाईत व्हतं. तरी माझ्यासाठी हाच आनलास.

तू म्हनलास, "वृषे, कुठली किल्ली?" मी गप. "वृषे, हायस का?" मी गप. तवर त्यानं तुला धरलं. परत सुरू. परत तेच. मागनं वहिनीचा आवाज आला, "अहो, हळू बोला की, घाबरत्यात त्या." आनी तू म्हनलास, "घाबरत न्हाय, तिला उत्तरच द्यायचं न्हाय. भाव खातीया."

भाव खाते! आरं, मी तिसऱ्या हाकेची वाट बघत व्हते.

सवय हाय ती. तू बारामतीला जाऊन इसरलास, मी कशी इसरनार? आपल्या घरात पहिल्या हाकेला कोन ओ देतं का? तात्यांनी आपल्याला दोघांनाबी उसाच्या बांधावर उभं करून शिकवलेलं. पहिली हाक वाऱ्याची, दुसरी वाईटाची, तिसरी मानसाची. जे वाईट आसतं ते मानसाच्या आवाजात हाक मारतं पन दोनदाच, तिसऱ्यांदा त्याला जमत न्हाय. म्हनून ओ द्यायची ती तिसरीला. आनी मारनाऱ्यानं मारायच्या त्याबी तीन. खरंखोटं मला म्हाईत न्हाय. पन उसात उभं ऱ्हायलं की खरंच वाटतं.

तुझी ती चिठ्ठी आज युवराजनं दिली. "बारामतीत एका हाकेला ओ देतात, वृषे." मंग ऱ्हा की तिथंच.

तुला दारं धरायचं आठवतं का? तात्या वर पाटाच्या तोंडाशी, तू खाली सरीच्या शेवटाला, मधी दोन पुरुष उंच ऊस. एकमेकांचं काय दिसत न्हाय. पानी शेवटाला पोचलं की तू वरडायचास, "आलं! आलं! आलं!" तवा तात्या वरनं मोडून दुसऱ्या सरीत सोडायचे. दोन मानसं लागतात. एकट्याला येतच न्हाय.

तुझाच शब्द वापरला बघ.

तू कंपनीत लागलास तवा मी नववीत व्हते. तात्या म्हनाले, "एक वरीस थांब पोरी, मानूस घावंस्तवर." दोन वर्सं झाली. मानूस घावलं न्हाय, कारन मानूस मीच झाले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. वर्गात उभं ऱ्हायचं न्हाय, मोठ्यानं वाचायचं न्हाय. पन ते माझं मी ठरवलं आसतं. मला कुनी इचारलं न्हाय. तू टोक सोडलंस आनी मला नेऊन तिथं उभं केलं.

आनी अजून एक. तात्या उसातनं हाक मारतात ती अजूनबी तुझ्याच नावानं. "ऋषा! ऋषा! ऋषा!" त्यांच्या ध्यानातबी येत न्हाय. मी ओ देते. पानी थांबत न्हाय ना.

पुढच्या वेळी तीनदा इचार. मंग बघ मी सांगते का न्हाय.

वृषाली

*

डाळज
बुधवार, १९ नोव्हेंबर

ऋषिराज,

काल जिंकलो. ते मान्य.

मी बोलले हेबी मान्य. "पितळंची", "लांब दांड्याची", "न्हाय, ती न्हाय, येड्या." तिसऱ्या वेळेला इचारलंस म्हनून. येड्या म्हनले तवा वहिनी मोठ्यानं हसल्या. त्यांचं हसू मला आवडलं, पन हे त्यांना सांगू नको.

तो खालचा मजला मात्र मी इसरनार न्हाय. तिथलं ते वाईट आपलीच बोलनी चोरतंय. माईकमधनं ऐकून ठेवतं आनी अंधारातनं आपल्याच आवाजात हाक मारतं. तू सांगत बसलास, "सावध ऱ्हा वृषे, माझ्या आवाजात बोलंल." आनी लगेच डाव्या हाताच्या दारातनं तूच म्हनलास, "वृषे, हिकडं ये." हुबेहूब. त्या शेवटच्या 'ये'ला तू लांबवतोस तसं लांबवून.

मी थांबले. परत म्हनलं, "वृषे, हिकडं ये." मी थांबले. तिसरी हाक आली न्हाय. मी उजवीकडं गेले. तिथं तू व्हतास.

तू म्हनलास, "आयला! तुला कसं कळलं?" कसं कळलं म्हनजे? तात्यांचं पोरगं ना तू?

आनी तुझी गंमत! तुला फसवायला त्याच्याकडं माझा आवाजच न्हवता. मी तवर कुठं बोलले व्हते? पितळंची, येड्या, ते सगळं नंतर. खिडकीभायेरची शेळी तेवढी त्यानं ऐकलेली. बर्फातल्या शाळंत, काळ्याकुट्ट अंधारात तुझ्या मागनं शेळी वरडली आनी तू किल्ल्या टाकून पळालास. मी हसले. सहा महिन्यात पहिल्यांदा. आई दारातनं डोकावली, बघितलं, आनी दार लोटून गेली.

हितवर लिहून थांबनार व्हते. पन रातभर तो आवाज डोक्यातनं गेला न्हाय. आता लिहूनच टाकते.

तू गेलास त्या सकाळी मी जागी व्हते.

तुला वाटतं मला नुसती चिठ्ठी घावली. न्हाय. तू अंगनात आलास, गाडी लांब उभी केलेली. खिडकीशी आलास. "वृषे," म्हनलास. बारीक आवाजात. मी उठून बसले. मंग परत, "वृषे." मी पाय खाली सोडलं. चपला शोधल्या. वाट बघितली.

तिसरी हाक न्हाय आली. चिठ्ठी आली.

म्हाईत हाय मला, तिसरी मारली आसतीस तर तात्या उठले आसते. त्यांच्या भ्यानं दोनवर थांबलास. पन तुला नियम म्हाईत व्हता ना? घरात सगळ्यांना म्हाईत हाय. मी तिसरीला भायेर येनार व्हते. तुझ्यासंगं तात्यांपुढं उभी ऱ्हायले आसते. गप उभी ऱ्हायले आसते, पन ऱ्हायले आसते. मंग दोघं आसतो आपन. पोह्याच्या बश्या घेऊन मी एकटी नसते.

दोनदा हाक मारून जातं त्याला आपल्यात काय म्हनतात, तुला म्हाईत हाय. सहा महिनं मी तुला तेच म्हनत आले मनात.

आता पुढच्या चिठ्ठीत सॉरी लिहू नको. सॉरी फुकाट मिळतं.

वृषाली

*

डाळज
बुधवार, २६ नोव्हेंबर

ऋषिराज,

काल मधीच बंद पडलं. तुला वाटलं आसंल मी रुसून उठले. न्हाय. नीट वाच, पुढचं महत्त्वाचं हाय.

मंगळवारी तुला सुट्टी आनी तात्याबी माल घेऊन इंदापूरला जातात, म्हनून आपन मंगळवारी बसतो. काल पळसदेवच्या अलीकडंच पिकअपचं टायर फुटलं आनी ते मागं आले. मी लघवीला भायेर गेलेले. परत आले तर तात्या खोलीत उभे. गोधडी अर्धी खाली पडलेली. पडद्यावर तो व्हरांडा, माझा कंदील जळतोय, आनी पलंगावर पडलेल्या हेडफोनमधनं बारीक आवाज येतोय.

"ह्याच्यात कोन बोलतंय?" तात्या म्हनाले.

मला बोलता आलं न्हाय.

त्यांनी हेडफोन उचलला. कसा घालायचा कळंना, तर टोपी काढली आनी एकच बाजू कानाला धरली, माईक कपाळावर. मी दारात. आई माझ्या मागं, हात पिठाचे तसेच.

मला भायेर ऐकू येत व्हतं. तू म्हनलास, "वृषे."

तात्यांचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येत न्हाय. त्यांनी डोळं मिटलं. उसात उभं ऱ्हायल्यावर मिटतात तसं, ऐकायला.

"वृषे, ओ दे की."

तात्या थांबले. आमी तिघंबी थांबलो. माझं लक्ष त्यांच्या ओठाकडं. खरं सांगते, ते ओ देनार व्हते. तोंड उघडलेलं त्यांनी.

आनी आवाज गेला. पडद्यावर परत ते गोल फिरायला लागलं.

रेंज गेली आसंल. आईच्या मोबाईलची रेंज तिथं जातेच, मला म्हाईत हाय. पन तात्यांना रेंज कळत न्हाय. त्यांना हाका कळतात. किती वेळ ते तसेच उभे ऱ्हायले, हेडफोन कानाला दाबून. मंग काढला, अंडं ठेवावं तसा पलंगावर ठेवला.

"दोनदाच," म्हनाले. आनी निघाले.

मला काय झालं म्हाईत न्हाय. मी दारातनं हालले न्हाय. ते म्हनाले, "सर." मी म्हनले, "न्हाय सरत."

माझा आवाज इतका मोठा हाय हे मलाच म्हाईत न्हवतं.

मी म्हनले, "त्यानं दोनदा मारली. तुमी किती मारल्या? तुमी एकबी न्हाय मारली तात्या. जळोची काय परदेश हाय व्हय? त्याचं नाव घरात घ्यायचं न्हाय म्हनता आनी उसात दिवसभर त्याच्याच नावानं वरडता. ऋषा, ऋषा, ऋषा. मी ओ देते. दोन वर्सं झाली मी ओ देते. मी किती दिवस दुसऱ्याच्या नावाला ओ देऊ?"

आई म्हनली, "वृषे, बास."

मी म्हनले, "बास न्हाय. मला दहावी करायचीया. त्या टोकाला मी आता उभी ऱ्हानार न्हाय. मानूस बघा न्हायतर ऊस वाळू द्या."

तात्यांनी टोपी घातली. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच कोनतरी दिसल्यागत. मंग कडेनं वाट काढून गोठ्याकडं गेले. मी पडलेली गोधडी उचलली आनी घडी घालून ठेवली.

रातच्याला जेवताना तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आनी आमटीकडं बघत म्हनाले, "शनिवारी मोटारीला दिवसाची लाईट हाय. दारं धरायला मानूस लागंल. सांग त्याला."

आई म्हनली, "कुनाला?"

"ज्याच्याशी बोलती त्या डब्यातनं, त्याला." घास खाल्ला. पानी प्याले. मंग म्हनाले, "आनी येकटा येऊ नको म्हनावं. घरातलं मानूस घेऊन यायचं. आई सैपाक करंल."

आई उठून चुलीकडं गेली. चुलीवर काय न्हवतं.

आता माझा राग बघ. तू गेलास तवा सांगायला मी. आता बोलावायचं तर सांगायला मी. तुमी दोघं बापलेक तोंडं शिवून बसनार आनी घरातली मुकी पोरगी निरोप्या! ह्याला काय म्हनावं? गेममधल्या त्या वाईटालाबी एवढी अक्कल हाय, ते स्वता हाक मारतं.

असो. सांगितलं. हा माझा शेवटचा निरोप. ह्यापुढं मी कुनाचं कुनाला सांगनार न्हाय.

लॅपटॉप परत पाठवत न्हाय. शेवटचा मजला ऱ्हायलाय, आनी मला त्यावर दहावीचं बघायचंय. वहिनींना म्हनावं शेळी लांब बांधलेली आसंल, भ्यायचं कारन न्हाय.

शनिवारी मी बांधावर बसनार हाय, लिंबाखाली, पुस्तक घेऊन. तू सरीच्या शेवटाला जा. तुझं खोरं तिथंच हाय, दांडा मी नवा बसवलाय. तात्या वरच्या तोंडाशी आसतील, मधी ऊस. पानी पायाला लागलं की हाक मार.

पहिल्या हाकेला ते ओ देनार न्हाईत. दुसरीलाबी देनार न्हाईत. तो राग न्हाय, दादा.

तिथंच उभा ऱ्हा.

वृषाली